तिखट भडंग आणि बाईचा वांटा

आमच्या शाळेपासून चार घरें सोडलीं कीं पिंजाऱ्याचें घर लागतें. तिसऱ्या प्रहरीं त्या घरांतून लसणाच्या फोडणीचा असा वास सुटतो कीं, चौथीच्या पोरांचें पाढ्यांवरचें लक्ष उडतें. आणि खरें सांगावयाचें तर गुरुजींचेंहि उडतें. त्या घरची म्हातारी, जिला सारा गांव चाची म्हणतो, तिच्या हातच्या भडंगाची ही गोष्ट आहे. परंतु ती नुसती खाण्याची गोष्ट नाहीं. तिच्यांत आमच्याच पदरचें एक खोटें नाणें उघडें पडलें, म्हणून ती वाचकांपुढें मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

भडंग म्हणजे काय हें कृष्णाकांठच्या माणसाला सांगावें लागत नाहीं. कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर या बाजूस तें घरोघर होतें. पण चाची तें कसें करते तें सांगण्याजोगें आहे. चुरमुरे ती आधीं उन्हांत तापवून कुरकुरीत करते, कारण सादळलेला चुरमुरा मसाल्यांत घातला कीं दांताखालीं चिवट लागतो. लसूण सालीसकट ठेचते. कढईंत तेल तापलें कीं शेंगदाणे तळून बाजूला काढते, मग मोहरी, कढीपत्ता आणि लसूण. लसूण तांबूस झाला कीं कढई चुलीवरून खालीं उतरते, आणि मगच तींत हळद व तिखट घालते. पेटत्या चुलीवर तिखट टाकलें तर तें करपतें. मग घशाला ठसका लागतो, पण जिभेला चव लागत नाहीं. शेवटीं मीठ, थोडी पिठीसाखर, आणि चुरमुरे घालून दोन्ही हातांनीं खालवर करणें. "तिखटाला घाई चालत न्हाई, गुरुजी," असें ती म्हणते.

रमजानच्या महिन्यांत तर ही बाई दिवसभर पाण्याचा थेंब न घेतां, मीठ-तिखट न चाखतां, नुसत्या रंगावर आणि वासावर अदमास करून भडंग, लसणी शेव आणि कांद्याचीं भजीं करते. संध्याकाळीं खजूर आणि पाण्यानें रोजा सुटला कीं हींच ताटें पुढें येतात. आणि त्यांतली एक ताटली शेजारच्या कुंभाराच्या व मराठ्याच्या घरींहि जाते.

अशाच एका संध्याकाळीं आम्ही तिच्या ओट्यावर बसलों होतों. त्याच दिवशीं पारावर बोलणें निघालें होतें. एकजण म्हणाले, "त्यांच्यांत बाईला किंमत नाहीं. तीन शब्द उच्चारले कीं बाई घराबाहेर." आम्हीं त्यावर मान डोलाविली होती. तीच गोष्ट मनांत घोळत होती, म्हणून आम्हीं सहज विचारलें, "चाची, तुमच्यांत बाईला हक्क तो काय?"

ती हंसली. म्हणाली, "हक्क? लिवल्यालं हाय की सगळं, गुरुजी. न्हाई कोण म्हणतंय?" आणि मग तिनें आपली हकीकत सांगितली.

निकाहाच्या वेळीं नवऱ्यानें बायकोस द्यावयाचें धन म्हणजे मेहर. तें बापाचें नव्हे, सासऱ्याचें नव्हे, तें तिचें. नवऱ्यानें हयातींत दिलें नाहीं तर तें त्याच्या मिळकतीवरचें कर्ज ठरतें, आणि वांटण्या होण्यापूर्वीं तें फेडावें लागतें. चाचीचा नवरा गाद्या भरीत गांवोगांव हिंडे. तो वारला तेव्हां मेहर दिलेली नव्हती. जनाजा उठावयाच्या वेळीं चार म्हाताऱ्यांनीं हिला खांद्याला धरून पुढें आणलें आणि म्हणाल्या, "मेहर माफ कर बाई, त्याच्या मानेवर बोजा नको." समोर नवऱ्याचें प्रेत, भोंवतीं सारी आळी. अशा वेळीं कोणती बाई 'नाहीं' म्हणेल? ती 'हो' म्हणाली. पुढें घराची वांटणी झाली, तींतहि विधवेचा वांटा कोणास आठवला नाहीं. भडंग ती करी, आणि पैका दिराच्या दुकानाच्या गल्ल्यांत जमे.

"निकाहाला सगळं वाचलं, आन मयताला इसरले," ती म्हणाली. मग क्षणभर थांबून तिनें विचारलें, "आन गुरुजी, तुमच्या ताईनं सही केली, तवा तिला काय मिळालं वो?"

आमच्या हातांतला घास हातांतच राहिला.

वाचकहो, येथें आम्हांस आमचीच गोष्ट सांगणें भाग आहे. आमचे वडील वारल्यावर तेराव्यानंतर आमच्या थोरल्या बहिणीस निबंधकाच्या कचेरींत नेलें आणि तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतलें. घरांत शिकलेले आम्हीच, तेव्हां कागद तिला वाचूनहि आम्हींच दाखविला. तिनें एकदां आमच्या तोंडाकडे पाहिलें आणि सही केली. आम्हीं तिला साडीचोळी केली, आणि पुढें अनेक वर्षें चारचौघांत "आमच्या ताईचें मन मोठें" असें सांगत राहिलों. ताई आज साठीच्या घरांत आहे, आणि दुसऱ्याच्या शेतांत भांगलायला जाते. चाची आणि ताई लहानपणच्या मैत्रिणी. ताईनें जें आम्हांस कधीं म्हटलें नाहीं तें चाचीस म्हटलें असलें पाहिजे.

जनाज्यापुढचें 'हो' आणि कचेरींतली सही यांत फरक तो काय? एकींत धर्म पुढें केला, दुसरींत माहेरची माया पुढें केली. एकीला परलोकाची भीति घातली, दुसरीला माहेर तुटण्याची. दोघींनाहि विचारलें तें अशा वेळीं, कीं नकार देणें शक्यच नव्हतें.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. पुढें आम्हीं मिळेल तें वाचलें, आणि पारावर बसून आम्ही किती अज्ञानानें बोलत होतों तें कळलें. कुराणाच्या चौथ्या अध्यायाचें नांवच 'निसा', म्हणजे स्त्रिया. त्यांत मेहर बाईच्याच हातीं द्यावी असें सांगितलें आहे. पुरुषानें मिळविलें त्यांत पुरुषाचा वांटा आणि बाईनें मिळविलें त्यांत बाईचा वांटा असें सांगितलें आहे. लेकीला वारसा आहे, आणि विधवेला मुलेंबाळें असलीं तर आठवा हिस्सा आहे. हें सातव्या शतकांतलें. इंग्लंडांत लग्न झालेल्या बाईच्या कमाईवर तिचा हक्क कायद्यानें मानला तो १८७० सालीं, आणि तिच्या साऱ्या मिळकतीवर १८८२ सालीं. आमच्या हिंदु लेकींना बापाच्या मिळकतींत वारसा मिळाला तो १९५६ च्या कायद्यानें. वडिलोपार्जित मिळकतींत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि साऱ्या देशांत २००५ सालीं मिळाला.

पैगंबराची पहिली पत्नी खदीजा ही मक्केंतली व्यापार करणारी विधवा. तिनें महंमदास आपल्या मालाच्या तांड्यावर नेमलें, आणि लग्नाची मागणीहि तिच्याकडूनच गेली. दुसरी एक पत्नी झैनब. ती स्वतःच्या हातांनीं कातडें कमावी, शिवी, आणि आलेला पैका गोरगरिबांस वांटी, अशी परंपरा आहे. कातडें कमावणाऱ्यास वेशीबाहेर बसविणाऱ्या आम्हां लोकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. बाईनें हातानें कष्ट करून पैका मिळवावा आणि तो स्वतःच्या मर्जीनें खर्चावा, यांत त्या घराला कमीपणा वाटला नाहीं.

म्हणजे तेथें सारें गोड आहे असें नव्हे. लेकीचा वांटा लेकाच्या निम्मा आहे. पुरुषाला चार बायकांची मुभा आहे. तलाकाच्या नांवाखालीं असंख्य बायांचे संसार एका दमांत मोडले गेले. १९३७ सालच्या शरियत कायद्यानें बायांना वांटा न देणाऱ्या रूढि बाजूला सारल्या खऱ्या, पण त्यांतून शेतजमीन वगळली. म्हणजे खेड्यांतल्या माणसाचें पोट ज्यावर, नेमकें तेंच बाहेर राहिलें. आणि ज्या धर्मांत नवऱ्यानें बायकोस द्यावयाचें, त्या धर्माचीं माणसेंहि आतां आमचें पाहून मुलीच्या बापाकडून हुंडा घेऊं लागलीं. आमच्यांतलें वाईट तेवढें बरोबर उचललें!

पण याविरुद्ध प्रथम उभें कोण राहिलें? पारावरचे आम्ही नव्हे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनीं १८ एप्रिल १९६६ रोजीं मुंबईंत सात मुसलमान बायांचा मोर्चा सरकारच्या दारीं नेला, आणि १९७० सालीं पुण्यांत मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिलें. सात बाया म्हणजे आमच्या गांवच्या पाणवठ्यावर एका वेळीं असतात तेवढ्या! इंदूरच्या शाहबानो या वृद्ध बाईनें पोटगीसाठीं न्यायालयांत दाद मागितली; १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयांत तिच्या बाजूनें निकाल लागला, आणि १९८६ सालीं पुढाऱ्यांनीं कायदा करून तो निकाल बोथट केला. २००१ सालीं न्यायालयानें त्याच कायद्याचा अर्थ बायांच्या बाजूनें लावला. २०१७ च्या ऑगस्टांत एका दमांतला तीन तलाक रद्द ठरला, तोहि शायराबानो आणि तिच्यासारख्या बायांनींच दाद मागितली म्हणून. २०१९ सालीं तो कायद्यानें गुन्हा झाला. नवऱ्याला तुरुंगांत घालून बायकोचें पोट कसें भरणार, असेंहि पुष्कळ मुसलमान बायाच विचारतात. तो प्रश्न चुकीचा नाहीं.

यावरून आमचें मत असें झालें आहे. बाईची किंमत कोणत्या धर्मांत किती, हें पोथीवरून आणि पारावरच्या गप्पांवरून ठरवूं नये. मेहर तिच्या हातीं पडली काय? सातबाऱ्यावर तिचें नांव आहे काय? तिच्या कष्टाचा पैका तिच्या मुठींत आहे काय? हे तीन प्रश्न पिंजारी, तांबोळी, आतार, बागवान यांच्या घरांत विचारावे, आणि तेच माळी, कुणबी, कुंभार, सुतार यांच्याहि घरांत विचारावे. जो दुसऱ्याच्या घरीं विचारतो पण आपल्या घरीं विचारीत नाहीं, त्याला बाईचा कळवळा नाहीं. त्याला नुसतें शेजाऱ्यास हिणवावयाचें आहे. आम्हीहि तेंच करीत होतों.

मुसलमान बंधूंस आमची विनंति आहे कीं, मेहर लग्नाच्या दिवशींच मोजून द्या, आणि प्रेतापुढें कोणा बाईला ती माफ करावयास लावूं नका. आमच्या बंधूंस सांगणें आहे कीं, हक्कसोडीचा कागद बहिणीपुढें ठेवूंच नका. तिला कांहीं नको असेल तर तें ती आपण होऊन सांगेल. नाहीं म्हणावयास तिला मोकळीक असली पाहिजे.

आमच्यापुरतें म्हणाल तर, ताईच्या वांट्याइतकें आमच्या हिश्श्यांतून तिला बक्षीसपत्रानें देण्याचें आम्हीं ठरविलें आहे. धाकटे बंधु बोलत नाहींसे झाले आहेत. आमच्या घरांतहि तोंडें फुगलेलीं आहेत. ताईस सांगितलें तेव्हां ती हंसली नाहीं कीं रडली नाहीं; एवढेंच म्हणाली, "बघू, कागद झाल्यावर बोल." तिचा विश्वास बसलेला नाहीं, आणि तो बसावा असें आम्हीं आजवर कांहीं केलेलेंहि नाहीं.

चाचीनें मात्र आमची वाट पाहिली नाहीं. दिराच्या दुकानीं माल देणें तिनें बंद केलें. दहा रुपयांच्या पुड्या ती आतां आठवड्याच्या बाजारांत स्वतः विकते आणि पैका पोस्टांत स्वतःच्या नांवें ठेवते. हिशेब सातवींतली नात लिहिते. सावित्रीबाईंनीं १८५६ सालीं जोतीरावांस लिहिलेल्या पत्रांत त्यांच्या सोबतीण फातिमेचा उल्लेख आहे. त्या दोघी ज्या कामाला लागल्या होत्या, त्याचेंच हें फळ. परवां आम्हीं त्या पोरीची वही पाहिली. वर ठळक अक्षरांत आजीचें नांव, खालीं चुरमुरे, तेल, लसूण, तिखट यांचा खर्च, आणि शेवटीं उरलेली रक्कम. बेरीज बरोबर होती.