पाडव्याचे तबक

पाडव्याला आमच्या वऱ्हाडात घरोघर नवऱ्याला पाटावर बसवतात, कपाळी कुंकू लावतात, ओवाळतात. आणि तो तबकात ओवाळणी टाकतो. सण गोड आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ज्या हाताने तबकात नोट पडते, तोच हात वर्षभरात त्या बाईवर कितीदा उठला, याचा हिशेब सणाच्या दिवशी कोणी मागत नाही. आणि इतर दिवशी तर नाहीच नाही. दिवाळी अंकात हा कसला अभद्र विषय, असे कोणी म्हणेल. पण लक्ष्मीपूजन उरकल्यावर घरच्या लक्ष्मीची विचारपूस करायची नाही, तर केव्हा करायची?

धामणगाव रेल्वे हे आमचे गाव. कापसाचे आणि मालगाड्यांचे. स्टेशनाजवळ राहत होतो तेव्हा आमच्या शेजारी एक सुशिक्षित गृहस्थ होते. सुपारीचेही व्यसन नाही, शनिवारचा मारुती कधी चुकला नाही. रात्री मालगाडी धडधडत निघाली की त्यांच्या घरातला आवाज तिच्यात बुडून जाई. गाडी गेली की हुंदका तेवढा उरे. एकदा धीर करून आम्ही विषय काढला. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमाले काय कराचं हाय? हे आमच्या घरचं हाय." आणि वर्गात नागरिकशास्त्र शिकवणारे आम्ही मुकाट्याने परतलो. त्या बाईंना मात्र साऱ्या आळीने सल्ले दिले. सोसा, उलट बोलू नका, चार दिवस माहेरी जाऊन या. मारणारा एक, आणि उपदेश मार खाणारीला!

आमचे म्हणणे इतकेच आहे. बायकांना शहाणपण शिकवणे पुरे झाले. आता पुरुषांशी बोला. आणि ते पुरुषांनीच बोलायला हवे.

हे म्हटले की पहिली पळवाट पुढे येते : "हे आमच्यासारख्यांत नसते हो, ते तिकडे मेळघाटात, आदिवासींत." सुगीच्या दिवसांत मेळघाटातले कोरकू मजूर खाली मैदानात उतरतात, त्यांच्याकडे बोट दाखवणे सोपे असते. पण त्याच कोरकूंत लग्नात मुलाकडून मुलीसाठी मोल देण्याची रीत आहे, काडीमोड घेतलेल्या बाईला पुन्हा संसार मांडता येतो. हुंडा मोजून घेणाऱ्या आणि लेकीला "आता तेच तुझे घर" म्हणून बजावणाऱ्या पांढरपेशांनी त्यांना नावे ठेवावीत, हा विनोदच. त्यांच्यात मारहाण होत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी शंभरात सुमारे एकोणतीस जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. एवढ्या साऱ्या बायका काही जंगलात राहत नाहीत.

दुसरी पळवाट दारूची. दारू वाईटच, नदीपलीकडच्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे, ती उगीच नाही. पण दारू प्यालेला माणूस सावकाराच्या थोबाडीत मारल्याचे कोणी पाहिले आहे काय? साहेबासमोर त्याचे पाय लटपटतात, हात उठत नाही. घरी आला की मात्र नेमका बायकोवर उठतो. इतकी शुद्ध ज्याला राहते, त्याचा गुन्हा बाटलीच्या माथी मारता येत नाही.

तिसरी पळवाट अधिक अवघड, कारण तिच्यात खरे दुःख आहे. कापूस बुडाला, कर्ज फिटेना, माणूस चिडतो, त्याने काय करावे? याचे उत्तर आम्हांला फार दूर सापडले. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांची जमीन गोऱ्यांनी बळकावली, आईबापांपासून त्यांची मुले सरकारने ओढून नेली. १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी पार्लमेंटात त्या मुलांच्या पिढ्यांची क्षमा मागितली. आता त्या समाजातल्या पुरुषांना सारा दोष इतिहासावर ढकलून मोकळे होता आले असते. पण त्याच वर्षी जुलैत ॲलिस स्प्रिंग्जजवळ रॉस रिव्हर येथे शेकडो मूळ रहिवासी पुरुष जमले आणि आपल्या हातून बायकामुलांना जे भोगावे लागले, त्याबद्दल त्यांनी जाहीर क्षमा मागितली. नुसती क्षमा नव्हे. हिंसा थांबवण्यासाठी पुरुषांबरोबर काम व्हावे, पुरुषांना सावरायला जागा मिळावी, असेही त्यांनी मागितले. आमच्यावर अन्याय झाला हे खरे, पण तो बायकोवर उगवण्याचा परवाना नव्हे, हा त्या सभेचा अर्थ. एवढा प्रामाणिकपणा आमच्या पारावर का नसावा?

हे विलायती खूळ समजू नका. वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून पुरुषांना तोंडावर जाब विचारला. शेंडगावचे गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या वडिलांचा संसार दारूने धुळीला मिळाला होता. म्हणून मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोड जेवण घातले, आणि पुढे जन्मभर कीर्तनात समोरच्या बाप्यांना एकेक प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घेतले. शिव्याशाप नाहीत, गोंजारणेही नाही. माणसाला माणसांदेखत विचारात पाडायचे, ही पद्धत आम्हांला घरचीच आहे.

मुंबईत तिला संस्थेचे रूप आले. १९९१ साली पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी बायकोला मारणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांना जाहिरातीतून हाक दिली, आणि दोनशेवर पुरुषांनी ओ दिली. त्यातून १९९३ मध्ये हरीश सदानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मावा', म्हणजे अत्याचाराविरुद्ध उभ्या पुरुषांची संघटना, उभारली. ती तरुण मुलांशी बोलते आणि 'पुरुष स्पंदनं' नावाचा दिवाळी अंकही काढते. तेव्हा दिवाळीत हा विषय काढणारे आम्ही पहिले नव्हे.

एक आक्षेप मात्र आम्हांला मान्य आहे. पुरुषांशी बोलणे म्हणजे त्याला पाठीशी घालून बाईला पुन्हा त्याच घरात लोटणे, असे होता कामा नये. समेटाच्या नावाखाली हेच तर आजवर चालत आले. बाईचा जीव आधी, बोलणे मागाहून. २६ ऑक्टोबर २००६ पासून कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर बाईनेच द्यावी असे नाही, शेजारीही देऊ शकतो; आणि सद्भावनेने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर काही बालंट येत नाही. मारणाऱ्यालाही समुपदेशनास पाठवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आहे. हे आम्हांला त्या मालगाडीच्या रात्री ठाऊक असते तर बरे होते. पण खरे सांगायचे तर ज्ञानापेक्षा धीर कमी पडला. शेजारच्या दारावर थाप मारायला कुठला कायदा लागतो?

आमच्या गावापासून कौंडण्यपूर जवळ आहे. ते रुक्मिणीचे माहेर. ती रुसून दिंडीरवनात गेली, तर तिला शोधत देव स्वतः गेला अशी कथा आहे. पंढरपुरात आजही तिचे देऊळ वेगळे आहे. कौंडण्यपूरची पालखी दरसाल पंढरीला जाते आणि आम्ही पुरुष तिच्यापुढे भक्तीने टाळ कुटतो. जे देवाला कमीपणाचे वाटले नाही, ते आम्हांला का वाटावे?

तेव्हा, वाचकहो, यंदा पाडव्याला तबकात नोट टाकाच, पण आधी वर्षाचा हिशेब स्वतःच्या तोंडाने सांगा. चुकले असेल तर चुकले म्हणा, आणि मुलांदेखत म्हणा. ज्यांचा हिशेब स्वच्छ आहे, त्यांनी संध्याकाळी भिंतीपलीकडच्या गृहस्थाला फराळाला बोलवावे आणि आम्ही जो विषय अर्ध्यावर सोडला, तो शेवटपर्यंत न्यावा.