बिअरचा हिशोब पाण्यात मांडा

बिअरचा विषय निघाला की आपल्यातले बहुतेक तरुण "हराम आहे, विषय संपला" म्हणून मोकळे होतात. पिण्यापुरता तो संपतोही. पण मराठवाड्यात राहणाऱ्याचा बिअरशी संबंध न पिताही येतो, नळाच्या तोटीतून.

औरंगाबादला देशाची 'बिअर राजधानी' म्हणतात, ते वाळूज आणि आसपासच्या कारखान्यांमुळे. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. टाक्या-बाटल्या धुणे, उकळणे, थंड करणे धरले तर चांगल्या कारखान्यातही एका लिटरमागे तीन-चार लिटर पाणी जाते. म्हणजे ६५० मिलीच्या बाटलीला दोन ते अडीच लिटर. जवाच्या पिकाचे पाणी वेगळेच.

एप्रिल २०१६ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते आणि इकडे बिअर भरली जात होती. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांचे पाणी आधी ५० आणि १० मेपासून ६० टक्के कापायला लावले. हे काम सरकारचे होते. पण दारू जीएसटीबाहेर आहे, तिचा कर थेट राज्याच्या तिजोरीत पडतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये तर बिअरवरचे शुल्क कमी करावे का, हे पाहायला राज्याने समितीच नेमली.

ऊस याहून कितीतरी जास्त पाणी पितो, हे मान्य. वाळूजमधली अनेक घरे या कारखान्यांवर चालतात, हेही मान्य. म्हणून मी बंदी मागत नाही. धरणाचा साठा ठरलेल्या टक्क्याखाली गेला की मद्य कारखान्यांची कपात आपोआप सुरू व्हावी, कुणाला कोर्टात जावे लागू नये, एवढेच. आमच्या कोडिंगच्या भाषेत एक साधी इफ कंडिशन! आणि शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याला हरामची दलील लागू पडत नाही, पाण्याची पडते.

आकडे मात्र कंपन्यांच्या जाहिरातींतून घेऊ नका. संगनमताने दर ठरवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीज आणि कार्ल्सबर्ग इंडियाला मिळून ८७० कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. त्यापेक्षा माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी दहा रुपये, मराठीत चालतो. एमआयडीसीला विचारा: गेल्या पाच वर्षांत प्रत्येक मद्य कारखान्याला दरमहा किती पाणी दिले, आणि कोणत्या दराने?