रुमालाला जागा, बाईला नाही

"अर्धे तिकीट दिले, आता बायकांना आणखी काय हवे?" हा सवाल आजकाल पारावर ऐकू येतो, चहाच्या टपरीवर ऐकू येतो, आणि एसटीत तर बायकांच्या कानावर जाईल अशा बेतानेच विचारला जातो. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या प्रवासात बायकांना ५० टक्के सवलत मिळू लागली. तेव्हापासून गाडीत गर्दी दिसली की बोट बाईकडे. "फुकटात मिळाले म्हणून निघाल्या गावे हिंडायला!" फुकट नाही हो, अर्ध्यात. आणि हिंडायला म्हणाल तर कुणी दवाखान्याला निघालेली असते, कुणी बाजाराला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी आजारी आईला भेटायला. आणि एखादी नुसतीच हिंडायला निघाली असेल, तर तेही तिने का करू नये?

या सवालाचे माझे उत्तर साधे आहे. तिकीट अर्धे झाले, पण गाडीत चढायचे कसे आणि कुणी आधी चढायचे, हे अजून ठरलेलेच नाही.

बैठकांच्या निमित्ताने मी आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत एसटीनेच फिरते. चित्र सगळीकडे सारखेच. गाडी फलाटाला लागायच्या आतच पळापळ सुरू होते. खिडकीतून रुमाल पडतात, टोप्या पडतात, पिशव्या पडतात. एखादा गडी तर ड्रायव्हरच्या दारातून आत शिरतो. ज्या बाईच्या कडेवर लेकरू आहे, जिचे दिवस भरत आले आहेत, जिच्या डोक्यावर गाठोडे आहे, ती दाराशी रेटारेटीत अडकलेली. त्या रेट्यात कुणाचा हात कुठे लागतो, हे काय मी आपल्याला सांगायला हवे? ती आत पोचते तोवर सगळ्या जागा 'धरलेल्या' असतात. रुमालाला जागा आहे, पोटुशीला नाही!

राखीव जागांवर तसे ठळक लिहिलेले असते. पण तिथे बसलेल्याला उठवायचे कुणी? बाईने तोंड उघडले की ती भांडकुदळ. कंडक्टर सत्तर माणसांची तिकिटे फाडत असतो, पुष्कळदा ती कंडक्टर बाईच असते. त्यांच्याशी माझे भांडण नाही. २०२१-२२ च्या हिवाळ्यात पाच महिन्यांहून अधिक काळ संप करणारे हे कर्मचारी आपल्यासारखेच कष्टकरी. माझे भांडण आहे ते व्यवस्थेशी. जिथे नियम नसतो तिथे मनगटाचे राज्य असते. आणि मनगटाच्या राज्यात बाईचा नंबर शेवटचा, हे घरातही खरे आणि फलाटावरही.

कुणी म्हणेल, एवढ्या गर्दीला शिस्त लावणार कशी? पैसेवाल्यांच्या गर्दीला बरी लावता येते! सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईला इंदिरा डॉकवर पर्यटकांच्या आलिशान बोटींसाठी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. वर्षाला दहा लाख प्रवासी जातील एवढी सोय, तपासणीचे आणि इमिग्रेशनचे मिळून ७२ काउंटर. अशा बोटीच्या प्रवाशाला कोणत्या वेळेत यायचे ते आधी कळवतात. सामानाला चिठ्ठी लावून ते थेट त्याच्या खोलीत पोचवतात. ज्याला चालवत नाही त्याला चाकाच्या खुर्चीतून नेतात. बोटीत जागा धरायला तिथे कुणी खिडकीतून रुमाल टाकत नाही. एवढेच नव्हे, बोट सुटण्याआधी किंवा सुटताच, संकट आले तर कुठे जमायचे हे प्रत्येकाला दाखवावे लागते. म्हणजे चढण्याची रीत ही नुसती ऐषाराम नाही, ती सुरक्षिततेची गोष्ट आहे. बोटवाल्यांना हे कळते. मग लाल गाडीत बसणाऱ्या बाईच्या बाबतीतच का कळू नये?

ही अतिशयोक्ती वाटते? मग २५ फेब्रुवारी २०२५ ची पहाट आठवा. पुण्याच्या स्वारगेट बसस्थानकात एक तरुणी फलटणच्या गाडीची वाट पाहत होती. तिच्या तक्रारीनुसार एका माणसाने तिला 'ताई' म्हणून हाक मारली, तुमची गाडी इथे नाही, तिकडे लागली आहे, असे सांगितले आणि आवारात उभ्या असलेल्या शिवशाहीत नेऊन तिच्यावर बलात्कार केला. मग चर्चा कशाची झाली? ती ओरडली का नाही, याची! खरा प्रश्न वेगळा होता. कोणती गाडी कुठे लागली आहे, हे बाईला अनोळखी माणसाकडून का कळावे? चौकशीच्या खिडकीत पहाटेही माणूस असता, फलाटावर दिवा आणि गाडीवर ठळक पाटी असती, तर त्या खोटेपणाला वाव किती उरला असता? दोष गुन्हेगाराचाच. पण त्याला संधी मिळाली ती या बेबंदपणातून.

त्याच महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक, जे आमचे पालकमंत्रीही होते, धाराशिवमध्ये म्हणाले की बायकांच्या आणि ज्येष्ठांच्या सवलतींमुळे एसटीला रोज तीन कोटींचा तोटा होतो. सवलत बंद होणार नाही, असा खुलासा सरकारने नंतर केला. पण सवलतीची रक्कम महामंडळाला भरून देणे हे सरकारचेच काम. सरकारने सरकारला द्यायच्या पैशाचा हिशेब बाईच्या पदराला का बांधता? रस्ते बांधले तर तो विकास, आणि बाई त्या रस्त्याने गेली की तोटा!

वेळेचेही तेच. "गाडी कधी येणार?" "येईल की!" या दोन शब्दांवर बाईचे तासन् तास जातात. स्वच्छतागृहाची खात्री नाही म्हणून ती दिवसभर पाणी पीत नाही. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी मोफत पास आहे, चांगली गोष्ट. पण संध्याकाळची गाडी अंधार पडल्यावर आली की चार दिवसांत घरात सूर निघतो, "पुरे झाली शाळा." पास पाकिटात राहतो आणि पोरगी बोहल्यावर जाते. एका चुकलेल्या फेरीची किंमत कुणाच्या ताळेबंदात लिहिली जाते का?

आणि कळंब, भूम, वाशीकडून दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघणाऱ्या बाईला तर अर्धे तिकीटही नाही. ती ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांवर, लेकरे मांडीवर घेऊन बसते. मुकादम म्हणेल ती तिची निघायची वेळ.

मैत्रिणींनो, आपल्या मागण्या मोठ्या नाहीत.

१. प्रत्येक फलाटावर रांग असावी. गरोदर, लेकुरवाळ्या, वृद्ध आणि अपंग प्रवासी आधी चढावेत.
२. रुमाल टाकून जागा धरणे बंद व्हावे. राखीव जागा मोकळी करून देणे ही बाईची नव्हे, महामंडळाची जबाबदारी असावी.
३. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत चौकशीची खिडकी, दिवे आणि स्वच्छतागृह चालू असावे. गाडीला उशीर झाला तर तसे भोंग्यावरून सांगावे.
४. शाळा-कॉलेज सुटण्याच्या वेळेला गाडी असावी, आणि फेरी रद्द होणार असेल तर आधी कळवावे.

यासाठी परदेशी तज्ज्ञ नकोत, खडूने ओढलेली एक रेघ आणि एक माणूस पुरे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या बसस्थानकावर एक आख्खा दिवस बसावे. कोणती गाडी किती उशिरा आली, किती बायका उभ्या राहिल्या, दिवे केव्हा लागले, हे वहीत लिहावे. ती वही घेऊन आगारप्रमुखांकडे जाऊ, मग विभाग नियंत्रकांकडे. निवेदनाने भागले नाही तर धरणे आहेच.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. इतक्या वर्षांत गाड्या बदलल्या, रंग बदलले, आमच्या जिल्ह्याचे नावही बदलले. आता दाराशी कोण आधी, तेवढे बदलायचे आहे. आणि ते आपण बदलल्याशिवाय बदलणार नाही.