'पारंपरिक' म्हंजे कोण रे?



१४ एप्रिल जवळ आला की भोर-वेल्ह्याच्या पोरांचे अंगठे मोबाईलवर वळवळायला लागतात. कुणाचा अल्बम येतोय, कुणाचं भीमगीत डीजेवर चढतंय. ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेरच्या ठेल्यांवर हाच प्रश्न : नवीन काय आलं? आधी कॅसेट होती, मग सीडी आली, आता पेनड्राइव्ह. वाट बघायची सवय तीच. मीपण बघतो. पण कुणाची आणि कशासाठी, हे एकदा स्वतःला विचारा.

मी 'स्वदेसी'ची बघतो. २०१९ ला मुंबईच्या ह्या पोरांनी 'द वारली रिव्होल्ट' काढलं. आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईरांना सोबत घेतलं, त्यांचं नाव गाण्यावर घातलं. २०२० ला 'चेतावनी' हा अल्बम आला. २०२२ ला त्यांच्यातला गुजरातीतून आग ओकणारा एमसी तोडफोड गेला. वय २४. तरी मी वाट बघतो. २०१८ ला चेन्नईत मंचावर उभ्या राहिलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'चीही बघतो. वस्तीतला गाना, रॅप आणि रॉक त्यांनी एकाच ताटात वाढला. जातीचं नाव घेऊन जातीला शिव्या घातल्या.

आता आपल्याकडं बघा. आपल्या आज्यानं हलगी का टाकली, ठाऊक आहे? हौस फिटली म्हणून नाही. मिरवणुकीपुढं वाजवत चालायचं आणि देवळाच्या पायरीपाशी थांबायचं, असली ती बिगार होती. वरंध घाट उतरलं की महाड. तिथं १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी हातात घेतलं, मेल्या ढोराचं मांस आणि उष्टं सोडायला सांगितलं. पुढं १९५८ च्या कायद्यानं वतनही गेलं. आज्यानं हलगी खुंटीला टांगली ती ताठ मानेनं.

आणि आज? तीच हलगी वातानुकूलित स्टुडिओत शिरली की 'प्रायोगिक संगीत' होते! आमच्या हातात गोंगाट, त्यांच्या माईकपुढं प्रयोग. वाजवणारा आमचाच. खाली नाव काय लिहितात? 'पारंपरिक.'

पारंपरिक म्हंजे कोण रे? कुठल्या गावचा? त्याला पैसे किती दिले?

नुसत्या सदाशिवपेठी कानसेनांना कशाला झोडा? आपणही त्यातलेच. वामनदादा कर्डकांची गाणी गल्लीगल्लीत वाजतात, डीजेपुढं नाचणाऱ्या किती पोरांना लिहिणाऱ्याचं नाव सांगता येईल? विलास घोगरे १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये झोपडपट्टीचं गाणं गायला. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं मेली. चारच दिवसांनी विलासनं गळफास घेतला. अशा माणसाचं नाव पुसून आपण फक्त ठोका ठेवतो. मग सवर्णाला काय म्हणून जाब विचारायचा?

नाव लिहिता येतं. ह्याच पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांत फिरून हेमा राईरकर आणि गी पॉयत्वां यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. पुढं राज्यभरातून लाखावर ओव्या जमल्या. त्यात भीमाच्या ओव्याही आहेत. २०१७ पासून 'पारी' त्या लोकांसमोर ठेवतेय. ओवीपुढं बाईचं नाव, गाव, तालुका. जातं ओढणाऱ्या बाईला कलावंत म्हणायला एवढंच लागतं.

२०२४ ला सरकारनं वेल्ह्याला राजगड म्हणायचं ठरवलं. तालुक्याचं नाव बदलायला अख्खं मंत्रिमंडळ बसतं. हलगीवाल्याचं नाव लिहायला कुणाला सवड नाही!

मला पुढचा अल्बम ह्या खोऱ्यातून हवाय. १९२८ ला भाटघरचं धरण पुरं झालं, पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली उसाला गेलं. १९६१ ला पानशेत फुटलं, त्याची आठवण पुणं अजून काढतं. पण धरणांच्या पोटात गेलेल्या गावांचं काय? तिथल्या गावकुसाबाहेरच्या वस्तीचं गाणं कुठाय? ते आणा. खुंटीवरची हलगी उतरवा, पण वतन म्हणून नाही. आपली म्हणून, आपल्या दरानं, आपल्या नावानं. नाव नाही तर ठोका नाही!

गोदीत मी खोकी उचलतो. कुणाचं, कुठून आलं, कुठं जायचं हे खोक्यावर लिहिलेलं नसलं तर माल गेटबाहेर पडत नाही. निर्जीव लाकडाच्या खोक्याला नाव लागतं. आमच्या बापाच्या बोटांना नको?

येत्या १४ एप्रिलला नवं गाणं लागेल. नाचा. पण नाचायच्या आधी विचारा : कुणी लिहिलं, कुणी वाजवलं? उत्तर 'पारंपरिक' आलं तर डीजेची वायर उपटा.

जयभीम.