औषधांना परतीची वाट हवी

घट बसण्याआधी घर धुऊन-पुसून काढायची आपल्याकडे रीत आहे. गोधड्या कालव्यावर जातात, भांडी अंगणात येतात, फळ्या रिकाम्या होतात. दौंड तालुक्यातील भांडगावात अशाच आवराआवरीच्या दिवशी ओळखीच्या एका घरी गेलो होतो. फळीवरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा खाली उतरला. आत रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांच्या पट्ट्या, अर्धी बाटली खोकल्याचे औषध, नातवाचे तापाचे सिरप, डोळ्यांत घालायचे थेंब, अँटिबायोटिकच्या पाच कॅप्सूल, इन्सुलिनच्या वापरलेल्या सुया आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉलची निम्मी पट्टी. बहुतेक औषधे घरातल्या आजोबांची. ते जाऊन दीड वर्ष झाले होते. ‘‘टाकवतच नव्हती,’’ आजी म्हणाल्या. त्यावर सूनबाईंनी विचारले, ‘‘पण आता टाकायची तर कुठं?’’

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. उकिरड्यावर टाकावीत, तर तिथे कोंबड्या, कुत्री आणि खेळणारी मुले. शिवाय तेच खत उद्या शेतात जाणार. चुलीत घालावीत, तर प्लॅस्टिक आणि औषधाचा विषारी धूर घरातच कोंडणार. कालव्यात सोडावीत, तर तेच पाणी पुढच्या गावाच्या पिकाला आणि गुरांना. घंटागाडीत द्यावीत, तर ती ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर त्याच ढिगावर. औषध दुकानात न्यावीत, तर दुकानदार हात जोडतो. दुकान, दवाखाना, शिबिर अशा कितीतरी वाटांनी औषध घरात येते. बाहेर जायला मात्र धड एकही वाट नाही. माझ्या मते हा दोष त्या सूनबाईंचा नाही, आपल्या व्यवस्थेचा आहे.

डबा तसाच राहू दिला तर काय बिघडते? मुदत संपली म्हणजे गोळी दुसऱ्या दिवशी विष होते असे नाही. पाकिटावरच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत औषध पूर्ण गुणकारी राहील, एवढीच कंपनीची हमी असते. नंतर अनेक गोळ्यांचा गुण हळूहळू उतरतो. पण इन्सुलिन किंवा छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी कमजोर झालेली असेल, तर ऐन वेळी दगा होतो. डोळ्यांच्या थेंबांची बाटली एकदा उघडली की साधारण महिनाभराने टाकून द्यावी लागते, मग छापील मुदत काहीही असो. पाणी घालून तयार केलेले मुलांचे अँटिबायोटिक सिरप बहुधा आठवडाभरच चालते. खरा धोका असतो तो ‘उरलंय ते घे’ या सवयीचा. आजोबांची साखरेची गोळी लहान मुलाच्या पोटात गेली, तर एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते. उरलेल्या अँटिबायोटिकच्या पाच कॅप्सूल सर्दीवर दिल्या, तर सर्दी हटत नाही. उलट अंगातल्या जिवाणूंना त्या औषधाची ओळख होते.

ही ओळख महागात पडते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ मध्ये जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला होता. दौंडकरांसाठी हा विषय लांबचा नाही. पुण्यातील मुठा नदीच्या गाळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराच्या वरच्या बाजूच्या तुलनेत शहराजवळच्या गाळात प्रतिजैविकांना दाद न देणारी जनुके ३० पटींपर्यंत अधिक आढळली. तीच नदी मुळेला मिळून दौंड तालुक्यातून वाहते, रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते आणि पुढे उजनीत पोहोचते. शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी मुंढव्याहून बेबी कालव्याने याच भागाच्या शेतीसाठी सोडले जाते.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. नदीतल्या औषधांचा मोठा भाग घरातल्या डब्यांतून येत नाही. तो माणसांच्या मलमूत्रातून, रुग्णालयांच्या आणि कारखान्यांच्या सांडपाण्यातून येतो. त्यामुळे डबा नीट रिकामा केला म्हणजे नदी स्वच्छ झाली, असे कोणी समजू नये. पण सांडपाणी शुद्ध करण्यासाठी कोट्यवधींची यंत्रणा लागते. हा डबा सांभाळायला एक कुलूपबंद पेटी पुरते. जे सोपे आहे, तेही आपण करत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोठ्याचाही यात वाटा आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे त्यांची मढी खाणारी गिधाडे मेली आणि देशातील गिधाडांच्या काही जाती ९५ टक्क्यांहून अधिक घटल्या. २००६ मध्ये हे औषध जनावरांसाठी बंद झाले. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या. अखेर २०१५ मध्ये बाटलीचा आकार एका मात्रेपुरता, ३ मिलिलिटर करावा लागला. उरलेले औषध कुठवर जाते, याचा यापेक्षा मोठा धडा नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये मुदतबाह्य औषधांना ‘घरगुती घातक कचरा’ म्हटले होते आणि शहरांमध्ये तो जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावे, असेही सांगितले होते. अशी केंद्रे किती वाचकांनी पाहिली आहेत? १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरलेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार प्रकार आहेत आणि औषधे ‘विशेष काळजीच्या कचऱ्या’त धरली आहेत. केंद्रीय औषध नियंत्रकांच्या २०२५ च्या मार्गदर्शिकेत तर राज्य औषध विभाग आणि केमिस्ट संघटनांनी मिळून औषध परत घेण्याची केंद्रे सुरू करावीत, असे स्पष्ट सुचवले आहे.

हे जमणारे आहे का? केरळने २०२५ मध्ये कोझिकोडपासून घरांतील नको असलेली औषधे गोळा करण्याची सरकारी योजना सुरू केली. फ्रान्समध्ये औषध दुकानांनी जुनी औषधे परत घेणे अनेक वर्षांपासून अंगवळणी पडले आहे. आपल्या दुकानदारांकडेही अर्धी व्यवस्था तयार आहे. न खपलेला, मुदत संपलेला माल ते वितरकामार्फत कंपनीकडे परत पाठवतातच. ग्राहकाचा माल घ्यायला ते कचरतात, त्यालाही कारण आहे. तो कुठे ठेवायचा, कोण नेणार, खर्च कोणाचा आणि उद्या तपासणीत तो दुकानात सापडला तर जबाबदार कोण? ही जबाबदारी एकट्या दुकानदारावर ढकलणे बरोबर नाही.

म्हणून माझी सूचना वेगळी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आणि रुग्णालयांतून जैववैद्यकीय कचरा नेणारी गाडी फिरतेच. तो ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही, असा नियमच आहे. घरगुती औषधे या नियमांत येत नाहीत, ही अडचण शासनाच्या एका आदेशाने दूर होऊ शकते. प्रत्येक आरोग्य केंद्रात एक कुलूपबंद पेटी ठेवावी, आत काय पडले त्याचे वजन वहीत लिहावे आणि खर्च औषध कंपन्यांकडून घ्यावा. भांडगावच्या ग्रामसभेने असा ठराव करून जिल्हा परिषदेकडे पाठवला, तर इतर गावांना तो कित्ता होईल.

तोवर घरी काय करावे? उरलेली औषधे मूळ पट्टीत ठेवून, ‘जुनी औषधे’ अशी चिठ्ठी लावून, मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी वेगळी ठेवावीत. कचऱ्यात टाकण्याखेरीज इलाजच नसेल, तर गोळ्या पट्टीतून काढून माती, राख किंवा चहाच्या चोथ्यात कालवाव्यात आणि पिशवी घट्ट बांधून द्यावी. म्हणजे कोणी त्या वेचून पुन्हा वापरणार नाही. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवाव्यात. दम्याचे पंप जाळू किंवा फोडू नयेत. ट्रॅमाडॉल, मॉर्फिन, फेन्टॅनिल, डायझेपाम यांसह १७ औषधे मात्र शौचालयात टाकून पाणी सोडावे, असे मार्गदर्शिका सांगते. कारण ती चुकीच्या माणसाच्या हाती पडली, तर एका मात्रेतही जीव जाऊ शकतो. बाकी काहीही शौचालयात टाकू नये.

आणि मुळात कमी आणावे. पाच दिवसांचे औषध असेल, तर पाच दिवसांचेच मागावे. पट्टी कापून घेताना मुदतीचा छाप आपल्या तुकड्यावर राहील, हे पाहावे. डॉक्टरांनीही नवे लिहिण्याआधी घरात काय शिल्लक आहे, हे विचारावे.

त्या दिवशी आम्ही डबा निवडला. ट्रॅमाडॉल शौचालयात गेले, सुया बाटलीत गेल्या, बाकीचे एका पिशवीत बांधले. सूनबाईंनी वर चिठ्ठी लावली आणि पिशवी कपाटात कुलपात ठेवली. ती अजून तिथेच आहे. ती नेऊन देण्याची जागा गावात कधी होणार, असे त्या अधूनमधून विचारतात. हा प्रश्न येत्या ग्रामसभेत त्यांनीच मांडावा, असे मी त्यांना सुचवले आहे.