मरळ, वीज आणि आठ हजारांची काठी

मुदखेडला ट्राउट मिळतो का हो? नाही. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटचा जीव कासावीस होतो आणि आमच्या नांदेडात मे महिन्यात पारा ४० च्या खाली यायला तयार नसतो. इंग्रजांनी १९०९ मध्ये कुलूकडच्या नद्यांत हे मासे सोडले. ते तिकडेच रमले.

आमच्या ऑफिसच्या सहा जणांना (आम्ही स्वतःला क्लब म्हणवतो!) हे फ्लाय फिशिंगचं वेड तिकडेच, तीर्थनच्या खोऱ्यात लागलं. सप्टेंबरअखेर मी म्हटलं, चला माझ्या गावी. ट्राउट नसेना, मरळ आहे की!

मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवेसाठी वर यावंच लागतं. बेडूक दिसला की झडप. म्हणून केसापिसांचा बेडूक बांधून नेला होता. त्याला वजन नसतं. फेकायची असते ती जाड दोरी. विष्णुपुरीचे दरवाजे उघडले की गोदाकाठी थांबायचं नसतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून गावाबाहेरचा पाझर तलाव गाठला.

डोक्यावर ऊन, पश्चिमेला काळंकुट्ट. शेजारी बांबूचा गळ टाकून एक मामा बसलेले.

"मास्तराचा ना रे तू? ती काठी ठेव खाली अन् चल."

"मामा, आत्ता तर आलो!"

वीज चमकली. मी सेकंद मोजले : बारा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे चार किलोमीटर. लांब आहे यार. तेवढ्यात समोर 'पुच्च' झालं. मरळ! पंधरा हातांवर. पुन्हा चमकली. या वेळी सात. माझ्या हातात नऊ फुटी कार्बनची काठी, म्हणजे वीज वाहून नेणारी वस्तू, आणि अख्ख्या काठावर सर्वांत उंच मीच. तरी खरं सांगतो, एकदा फेकून बघावं असं वाटलंच.

"आमच्या भावकीतला एक जण असाच लिंबाखाली थांबला होता," मामा म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी काठी टाकली.

गाडीत काचा चढवून सात माणसं, ओले बूट आणि मामांचे दोन मासे. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही, हा आमचा नियम. मामांनी विड्या काढल्या, आम्ही नको म्हटलं. काठीची किंमत विचारली. 'आठ हजार' ऐकून ते इतके हसले की खोकला लागला. जाताना मी तो बेडूक त्यांना देऊन टाकला.

परवा आईचा फोन. मामा निरोप ठेवून गेलेत : बांबूला तुझा बेडूक बांधला, दोन किलोची लागली.