चपलेचा खरा भाव



दिवाळी जवळ आली की घरोघर कपड्यांचा आणि चपलांचा विषय निघतो. सोयाबीनचे पैसे हाती येतात आणि आठवडी बाजारात सगळे एकच विचारतात, "केवढ्याला दिली?" माझ्या मते आणखी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. वस्तू किती दिवस टिकेल? ती कोणी बनवली? आणि घरात तिची गरज जास्त कोणाला आहे?

पहिला प्रश्न गणिताचा आहे. समजा, १५० रुपयांची फोमची चप्पल ४ महिन्यांत तुटली. म्हणजे महिन्याला ३७ रुपये ५० पैसे पडले. चामड्याची चप्पल ६०० रुपयांची घेतली, दुरुस्तीला ६० रुपये गेले आणि ती २ वर्षे चालली, तर महिन्याला २७ रुपये ५० पैसे पडतात. मग महाग कोणती? अर्थात, एकदम ६०० रुपये आणायचे कोठून, हेही खरेच आहे. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. म्हणून वर्षात तीन हलके जोड घेण्यापेक्षा सुगीत एकच चांगला घ्यावा आणि टाका उसवला की लगेच घालून घ्यावा. चामडे पाण्याने खराब होते, तेव्हा पावसाळ्यात रबरी चप्पलच बरी.

दुसरा प्रश्न माणुसकीचा आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि ती हाताने शिवतात. एवढी मेहनत असते! तरी आपण बाजारातल्या चर्मकार काकांशी पाच रुपयांसाठी घासाघीस करतो आणि मोठ्या दुकानात छापील किंमत गुमान देतो. हे मला पटत नाही.

तयार कपडे शिवणारे हात तर आपल्याला दिसतच नाहीत. बांगलादेशात ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तिच्यात कपडे शिवण्याचे कारखाने होते. तिथले कपडे परदेशी दुकानांत स्वस्तात विकले जात. एके दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले, तरी दुसऱ्या दिवशी कामगारांना कामावर बोलावले. त्याच सकाळी, २४ एप्रिल २०१३ रोजी, इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बायका जास्त होत्या. स्वस्त कपड्याची किंमत कधी कधी अशी दुसराच कोणी भरतो.

आपल्या बाजारातला शर्ट कोणी शिवला ते आपल्याला कळत नाही. पण गावातला शिंपी आपल्याला माहीत आहे. कापड आणून त्याच्याकडे शिवले तर शिलाई त्याच्याच हातात पडते. शिवाय आत दोन बोटे कापड जास्त ठेवले, तर पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते.

तिसरा प्रश्न आपल्या घरातला आहे. आपण मुले मोबाईलवरच्या जाहिरातीसारखे बूट हट्टाने मागतो. पण आपले पाय वाढते आहेत. दोन वर्षे टिकणारा बूट आपल्याला एकच वर्ष बसतो, मग धाकट्या भावंडाला द्यावा लागतो. आई मात्र पीन लावलेल्या चपलेने शेतात जाते. काटे आणि धसकटे तिच्या पायांत मोडतात. तिचे पाय आता वाढायचे नाहीत, म्हणून तिला घेतलेली चप्पल पुरी दोन वर्षे वापरात येईल. तेव्हा टिकाऊ जोड आधी आईला, मग बाबांना, आणि आपल्याला मध्यम किमतीचा, असे माझे मत आहे.

आई म्हणेल, "मला काय करायचीय नवी? तुम्हालाच घ्या." तेव्हा तिचे ऐकू नका. पाटी घ्या आणि वरचे गणित तिला करून दाखवा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी